हजार दिवसांचे भांडवल

विहिरीसाठी काढलेले कर्ज आणि लेकराच्या आजारपणासाठी काढलेले कर्ज आपल्या भागात बहुधा एकाच ठिकाणाहून येते. सोसायटी नाही तर सावकार, आणि तोही नाही तर पाहुणा. तरी दोन्हींविषयी बोलताना आपला सूर वेगळा असतो. विहिरीला पाणी लागले नाही तरी माणूस म्हणतो, जमिनीत पैसा घातला. आजारपणाच्या कर्जाला मात्र नशीब म्हणतात. पहिल्या कर्जाचा हिशेब बसून केला जातो, दुसऱ्याचा कोणीच करीत नाही.

हा दुसरा हिशेब मांडता येतो. अर्थशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत तो अनेक देशांत मांडला आहे. पिण्याचे स्वच्छ पाणी, संडास आणि मुलाच्या पहिल्या दोन वर्षांचा आहार यांवर घातलेला रुपया किती वर्षांनी, किती होऊन आणि कोणाच्या हातात परत येतो, याची बऱ्यापैकी माहिती आता उपलब्ध आहे. ती वैजापूर तालुक्याच्या परिस्थितीला लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पाण्याचा पहिला हिशेब : वेळ

वैजापूर हा मराठवाड्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. दक्षिणेला गोदावरी, तिच्या पलीकडे कोपरगाव आणि श्रीरामपूर, पश्चिमेला येवला. गंगथडीच्या गावांना नदीचा आणि नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचा आधार आहे. डोंगरथडीच्या गावांना आभाळाशिवाय दुसरा आधार नाही. सारा तालुका पर्जन्यछायेत येतो. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातील कितीतरी गावांचा उन्हाळा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून गेला.

टँकरवर सरकारचा किती खर्च झाला याचा आकडा वर्तमानपत्रात येतो. टँकरची वाट पाहण्यात आणि हंडे वाहण्यात घराघरांतून किती खर्च झाला, हा आकडा येत नाही. तो काढणे अवघड नाही. समजा एका घरातील बाई फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत रोज दोन तास पाण्यासाठी घालवते. त्याचे २४० तास होतात, म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर ३० दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये होता. त्या दराने एका घराचे ९,३६० रुपये झाले. दोनशे घरांच्या गावात ही रक्कम पावणेएकोणीस लाखांच्या घरात जाते, आणि तीही एका उन्हाळ्याची.

यावर कोणी म्हणेल की उन्हाळ्यात रानात काम नसते, तो वेळ वाचला असता तरी त्याची मजुरी मिळाली नसती. आक्षेप बरोबर आहे, म्हणून निम्मीच रक्कम धरू. तरी साडेनऊ लाखांच्या आसपास उरतात. शिवाय तो वेळ नुसत्या मजुरीचा नसतो. लहान मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवायला लागणारा वेळ त्यातूनच जातो, आणि हंडा उचलायला मोठी मुलगी गेली तर तिची शाळा बुडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये जगभरासाठी असा हिशेब मांडला तेव्हा संडासावर घातलेल्या एका डॉलरचे सरासरी साडेपाच डॉलर आणि पाणीपुरवठ्यावर घातलेल्या एका डॉलरचे सरासरी दोन डॉलर परत येतात, असे उत्तर आले. त्या परताव्यातील सर्वांत मोठा वाटा आजार टळण्याचा नव्हता. तो वाचलेल्या वेळेचा होता.

दुसरा हिशेब : आजार

मराठवाड्यातील जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरायचे, आणि त्या पाण्यातून पोटात गेलेला जंत वर्षभराने पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा बाहेर पडायचा. नारूने माणूस सहसा मरत नसे, पण ऐन पेरणीच्या दिवसांत तो आठवडेच्या आठवडे खाटेवर पडे. हा रोग घालवायला लस नव्हती आणि औषधही नव्हते. पायऱ्या बुजवणे, हातपंप बसवणे, पाणी गाळणे आणि त्यावर औषध मारणे, एवढ्यावर तो गेला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. पाण्यावरच्या खर्चातून पेरणीचे दिवस परत मिळवता येतात, याचा हा आपल्याच भागातला दाखला आहे.

जुलाबाचे तसे नाही. तो दर पावसाळ्यात येतो आणि सर्वांना ओळखीचा असल्यामुळे त्याचा हिशेब राहत नाही. जागतिक बँकेच्या पाणी व स्वच्छता कार्यक्रमाने २००६ या वर्षाचा हिशेब करून अपुऱ्या स्वच्छतेमुळे भारताचे सुमारे २.४४ लाख कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे मांडले. हे त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६.४ टक्के होते. माणशी धरले तर २,१८० रुपयांच्या आसपास. यातील जवळजवळ तीन-चतुर्थांश वाटा अकाली मृत्यू आणि आजारपणाचा होता, आणि मृत्यूंमध्ये पाच वर्षांखालील मुलांचा भाग मोठा होता.

इथे सर्वांत स्वस्त उपाय कोणता, याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या खोलीत पोत्यात भरून ठेवलेले असते. ते म्हणजे टीसीएल पावडर. जलसुरक्षकाने ती टाकीत योग्य प्रमाणात टाकायची आणि शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घ्यायची. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन तिथवर पोचले. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील पाणी शुद्धीकरणाच्या चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा पाच वर्षांखालील बालमृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतात असे दिसले. एवढ्या थोड्या पैशांत एवढा परिणाम देणारी दुसरी सार्वजनिक गोष्ट शोधून सापडणे कठीण. अट एकच की पावडर रोज पडली पाहिजे. टँकरचे पाणी पिंपात साठते आणि त्यात लोटा धरलेला हात बुडतो, तेव्हा टाकीतले क्लोरीन पुरत नाही. म्हणून घरातले पाणी ओगराळ्याने काढणे ही सवयही या हिशेबातच धरावी लागते.

तिसरा हिशेब : पहिली दोन वर्षे

गर्भाचे २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षे, म्हणजे ७३० दिवस, मिळून हजार दिवस होतात. या काळात मेंदूची वाढ अतिशय वेगाने होते. दोन वर्षांचे होईपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. या काळात उंची खुंटली तर पुढे ती फार थोडी भरून निघते. उंची ही इथे केवळ खूण आहे. जे अन्न हाडांना मिळाले नाही ते मेंदूलाही मिळाले नाही, असा तिचा अर्थ.

आपल्याकडे घोटाळा बहुधा दोन टप्प्यांवर होतो. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचे नसते, पाणीसुद्धा नाही. पण मराठवाड्याच्या उन्हात बाळाचा घसा सुकेल म्हणून चमच्याने पाणी दिले जाते, बाळघुटी दिली जाते, आणि त्यातून पहिला जुलाब येतो. दुसरा टप्पा उष्टावणानंतरचा. समारंभ थाटात होतो आणि पुढचे सहा महिने वरणाचे पाणी, भाताची पेज आणि बिस्कीट यांवर जातात. बाळाचे पोट लहान असते. ते पातळ पाण्याने भरले की डाळ, अंडे, शेंगदाण्याचे कूट, तेल-तूप यांना जागा उरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या भारतीय बालकांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. सुखवस्तू घरांतही हे प्रमाण फारसे बरे नाही, म्हणजे प्रश्न एकट्या गरिबीचा नाही.

या दोन वर्षांचे मोल पैशांत किती, याचे सर्वांत भक्कम उत्तर ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतील देशातून आले. तिथल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली गेली आणि दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय. दवापाणी चारही ठिकाणी सारखेच होते. २००२ ते २००४ मध्ये संशोधकांनी ती मुले पुन्हा शोधून काढली. तोवर ती २५ ते ४२ वर्षांची झाली होती. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांच्या वयानंतर पेज मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही. बायकांच्या मजुरीत वाढ आढळली नाही, पण त्यांचे शालेय शिक्षण वर्षभराहून जास्त झालेले होते. शिकलेल्या बाईच्या हातालाही कामाचा दाम मिळतोच असे नाही, हे आपल्याला ग्वाटेमालाने सांगायची गरज नाही.

आता हेच आपल्या आकड्यांत मांडू. ४६ टक्के बाजूला ठेवू आणि चांगल्या आहारामुळे मोठेपणी कमाई फक्त १० टक्क्यांनी वाढते असे गृहीत धरू. ३१२ रुपयांवर १० टक्के म्हणजे रोज ३१ रुपये. वर्षात २०० दिवस काम धरले तर ६,२०० रुपये. ही जादा कमाई विसाव्या वर्षापासून तीस वर्षे मिळेल. पण वीस वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो, त्याला वटाव लावावा लागतो. महागाई वगळून दर साल ५ टक्के वटाव लावला तर या सगळ्या भावी कमाईची आजची किंमत सुमारे ३६ हजार रुपये येते. ३ टक्के लावला तर ६७ हजार.

खर्चाच्या बाजूला पाहू. २०१७ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडीतील मुलाच्या पूरक आहाराचा दर रोजी आठ रुपये ठरवला. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे ५४० दिवस धरले तर ४,३२० रुपये होतात. आठ रुपयांत आज अंडेही धड येत नाही, म्हणून हा खर्च तिप्पट करू. तरी तेरा हजारांच्या आतच राहतो. म्हणजे कमाईचा अंदाज जाणूनबुजून कमी आणि खर्चाचा जास्त धरूनही, कडक वटाव लावून, परतावा खर्चाच्या पावणेतीन पट आहे. यात वाचलेला दवाखाना धरलेला नाही, आणि वाचलेला जीव तर धरलेलाच नाही. त्याची किंमत लावणारी गणिते आहेत, पण ती इथे मांडण्याची गरज वाटत नाही.

हिशेब कुठे अडतो

इथपर्यंत वाचून असे वाटेल की संडास बांधले, नळ आणला, खाऊ वाटला की काम झाले. संशोधन तसे सांगत नाही, आणि हे लपवणे बरे नाही.

गोदावरीच्या पलीकडच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात २००४ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. साठ गावे निवडून त्यांतील निम्म्या गावांत हागणदारीविरुद्ध गावाने मिळून काम करण्याची मोहीम राबवली गेली. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मोहीम झालेल्या गावांतील मुले उरलेल्या गावांतील मुलांपेक्षा सरासरी सेंटिमीटरभर उंच निघाली. संडासांची संख्या फार मोठ्या प्रमाणात वाढली नव्हती, तरी हा फरक दिसला. पण असेच प्रयोग पुढे मध्य प्रदेशात ८० गावांत आणि ओडिशात १०० गावांत झाले. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले आणि तिथे मुलांच्या वाढीवर परिणाम आढळला नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील तीन मोठ्या चाचण्यांत (निष्कर्ष २०१८ आणि २०१९) पाणी आणि संडासाच्या साध्या सोयींमुळे मुलांची उंची वाढली नाही. आहारामुळे ती थोडी वाढली, पण तिन्ही देशांत वाढली.

याचा अर्थ संडास निरुपयोगी आहेत असा नाही. अर्थ असा की अर्धवट स्वच्छतेचा परतावाही अर्धवट मिळत नाही, तो जवळजवळ शून्य असू शकतो. गावात शंभरपैकी चाळीस घरांनी संडास वापरला आणि साठ जण ओढ्याकाठी गेले, तर चाळीस घरांतील मुलेही त्याच मातीत रांगतात. त्याच माश्या त्यांच्या ताटावर बसतात. मुलाच्या आतड्याला जंतूंशी सतत झुंजावे लागले की जुलाब दिसला नाही तरी आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. आई म्हणते, खातंय पण भरत नाही. अशा वेळी अंगणवाडीचा आहार म्हणजे गळक्या टाकीत सोडलेले पाणी. टाकी बुजवायची आणि पाणी सोडायचे, ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात. बंधाऱ्याचे निम्मे दरवाजे बसवून निम्मे पाणी अडत नाही, तसेच हे आहे.

मराठवाड्यातून निघालेला एक धडा

महाराष्ट्राने यात काही कमावलेले आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्याचे वैशिष्ट्य अनुदान नव्हते. गावागावांतील चढाओढ आणि सगळ्या गावाने एकदम झाडू हाती घेणे, हे त्याचे बळ होते. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबई-पुण्यात न ठेवता औरंगाबादेत ठेवले गेले. सनदी अधिकारी व्ही. रमणी हे त्याचे पहिले प्रमुख. मुलांची वजने खरी घ्यावीत, कुपोषणाचा आकडा वाढला म्हणून अंगणवाडी सेविकेला शिक्षा करू नये, आणि आरोग्य खाते व महिला-बालविकास खाते यांनी एकाच मुलाकडे एकत्र पाहावे, असा मिशनचा आग्रह होता. दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे राज्यातील प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या खास पाहणीत ते २४ टक्क्यांच्या आसपास आले. त्याचे श्रेय एकट्या मिशनला देता येत नाही. मातांचे शिक्षण, दवाखान्यातील बाळंतपणे आणि वाढलेले उत्पन्न यांचाही त्यात हात होता.

ही गती पुढे टिकली नाही. पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाले. म्हणजे महाराष्ट्रात तीनपैकी एका मुलाची उंची वयाच्या मानाने कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ६८.९ टक्के आहे.

खर्च कमी असूनही काम कसे होते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून ठेवले आहे. गावातल्याच बाईला शिकवून तिच्याकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, तेव्हा ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर दिला आहे, तेव्हाच्या दराने दोनशे रुपयांच्या आसपास. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात त्यामागे हे काम आहे.

मग पैसा का लागत नाही

परतावा एवढा असेल तर हा पैसा आपोआप का लागत नाही, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर वहीत आहे. विहिरीचा खर्च जो करतो त्याच्याच शेतात पाणी येते. इथे खर्च ग्रामपंचायत करते आणि वीस वर्षांनी जादा कमाई वाळूजच्या कारखान्यात किंवा पुण्यात होते. ती कमाई ग्रामपंचायतीच्या दप्तरात कधीच चढत नाही. सरपंचाची मुदत पाच वर्षांची, आणि पेव्हर ब्लॉकचे उद्घाटन पंधरा दिवसांत करता येते. ज्याचे नुकसान होते तो तर बोलूही न शकणारा नऊ महिन्यांचा मतदार नसलेला नागरिक आहे.

पैसा मात्र अगदीच नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या मूळ अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले. संडासाला १२,००० रुपयांचे अनुदान दिले गेले. यांतून बहुधा वस्तू उभ्या राहतात: टाकी, पाइपलाइन, संडासाची खोली. वस्तू उभी राहिली की खर्च झाला असे धरले जाते. पण परतावा वस्तूचा नसतो, तो वापराचा असतो. टाकीला पाणी नसेल तर तिचा परतावा शून्य, आणि सरपण भरलेल्या संडासाचाही शून्य.

म्हणून ग्रामसभेत निधी किती आला याबरोबर तीन आकडे विचारावेत. गेल्या महिन्यातील किती दिवस शेवटच्या नळाला ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले? किती घरांत सर्व माणसे, म्हाताऱ्यांसह, संडास वापरतात? आणि गावातील दोन वर्षांखालील मुलांपैकी किती जणांची उंची आणि वजन वयाप्रमाणे आहे? तिन्ही आकडे काढायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. जलसुरक्षक, आशा आणि अंगणवाडी सेविका ही माणसे गावातच आहेत आणि त्यांच्या नोंदवह्याही आहेत. आकडे वाईट निघाले तर त्यांना धारेवर धरू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात आकडे सुधारतील आणि मुले तशीच राहतील.

हे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायला काहीच खर्च येत नाही. या दिवाळीत जन्मलेल्या बाळाचे हजारपैकी २७० दिवस सरले आहेत. उरलेले ७३० पुढच्या दोन दिवाळ्यांत संपतील.